गाड्या मोजल्या, भाकरी कोण मोजणार?



बिनपैशाच्या कामाला आपल्याकडे एकच नाव नाही. शेजारणीच्या रानात आज आपण खुरपायचं आणि उद्या तिनं आपल्या रानात यायचं, ही सावड. एखाद्याची पेरणी मागं पडली की गावातली औतं एकाच दिवशी त्याच्या रानात उतरतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो, ही इर्जिक. रस्त्याला, बांधाला, शाळेच्या भिंतीला सगळ्यांनी हात लावायचा, ते श्रमदान. दिंडीला पाणी द्यायचं, सप्ताहाला भाकरी द्यायच्या, ती सेवा. आणि जे काम आपल्याला विचारून सांगितलं जात नाही, ज्याची फेड होत नाही, ज्याला नाही म्हणता येत नाही, ती वेठ.

आज बोलायचं आहे ते खेळाच्या उत्सवांबद्दल. २०२४ पासून महाराष्ट्रात १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. तो खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस आहे. त्याच सुमाराला आपली संक्रांत असते, हळदीकुंकू असतं, वेचणीचा शेवटचा कापूस रानात असतो. पुढं जत्रा येतात, कुस्त्यांचे फड लागतात. कोणी मोठं बक्षीस जिंकून आलं तर मिरवणूक निघते. अशा प्रत्येक वेळी बायांच्या गटाला निरोप येतो. सडा-रांगोळी करा, औक्षणाची ताटं घ्या, डोक्यावर कलश घेऊन पुढं चाला, पाहुण्यांचा स्वयंपाक बघा. आपण जातो, आणि आनंदानं जातो. पण हे काम सावडीतलं आहे की वेठीतलं, हे ओळखायचं कसं? ते समजायला जरा मागं जाऊ.

गोळेश्वरची सावड

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. १९२६ साली तिथं खाशाबा जाधव जन्मले. घरातच तालमीचा नाद होता. शिकायला ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक झालं, तेव्हा त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथं ते सहावे आले. तोवर ते मातीत लढलेले. गादीवरची कुस्ती आणि परदेशातले नियम नवे होते, तरी सहावे.

पुढचं ऑलिंपिक १९५२ साली फिनलंड देशात, हेलसिंकीला होतं. आता खर्च कोण करणार? मग गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, ओळखीपाळखीच्यांनी हात दिला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार, म्हणजे केवढी रक्कम, हे कर्ज घेणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताला एकट्यानं मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्या दिवशीची एक गोष्ट अजून सांगितली जाते. जपानच्या मल्लाशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावलं. नियमानं मध्ये अर्धा तास विसावा मिळायला हवा होता. पण त्यांच्या बाजूनं उभं राहून ‘थांबा, आमच्या गड्याला दम घेऊ द्या’ असं म्हणणारं आपलं माणूस त्या क्षणी तिथं नव्हतं. ते तसेच उतरले आणि हरले. खेळणाऱ्याच्या मागं पाणी घेऊन, घड्याळ बघत उभं राहणारं माणूस किती मोलाचं असतं, ते यावरून कळतं. मदतीला उभं राहणं हे शोभेचं काम नाही.

खाशाबा परत आले तेव्हा गावानं जो सोहळा केला, तो खेळाच्या इतिहासात अजून सांगितला जातो. त्यांच्या मुलानं सांगितलेली आठवण अशी, की गोळेश्वरच्या वेशीपासून महादेवाच्या देवळापर्यंत एकशे एक्कावन्न बैलगाड्या निघाल्या. एरवी पाव तासाची वाट, त्या दिवशी सात तास लागले.

आणि पुढचं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. सोहळा आटोपल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले. त्यात लढले, जिंकले, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. गावानं आधी दिलं, मग मिरवलं, आणि ज्याला मिरवलं त्यानं फेड केली. याला म्हणतात सावड.

आता आपण हिशेब ठेवणाऱ्या बाया आहोत, तर जरा गटाच्या बैठकीत करतो तसा हिशेब करू. एकशे एक्कावन्न गाड्या म्हणजे तीनशे दोन बैल. त्यांना धुवायचं, शिंगं रंगवायची, झुली घालायच्या, वैरण-पाणी बघायचं. गाडीत चार-पाच माणसं धरली तरी सहा-सातशे लोक झाले, आणि रस्त्याच्या कडेला उभे ते वेगळेच. सात तास चाललेल्या मिरवणुकीतलं माणूस घरी येतं ते भुकेलंच येतं. त्या दिवशी त्या घरांतल्या चुली किती वेळ पेटत्या होत्या? पीठ किती दळलं, आणि तेही बहुतेक जात्यावर? पाणी किती शेंदलं? खाशाबांची गोष्ट सांगताना गाड्यांचा आकडा सगळे सांगतात, सात तास सांगतात, सात हजार सांगतात. भाकरीचा आकडा त्या गोष्टीत नाही. जे मोजलं ते इतिहासात राहिलं.

आपल्या मुलखातली वेठ

गोळेश्वरचे लोक गाड्या जुंपत होते त्याच्या चारच वर्षं आधीपर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मोकळा झाला. त्या राज्यात वेठ हा रोजचा शब्द होता. मोठ्या वाड्यावर कार्य निघालं, अधिकाऱ्याचा मुक्काम पडला, की गावातल्या गरिबानं लाकडं फोडायची, पाणी भरायचं, ओझी वाहायची. बाईनं दळण-कांडण करायचं, सारवायचं, भांडी घासायची. कार्य वाड्याचं, कौतुक वाड्याचं, घाम आपला. ज्यांच्या जातीला गावानं कायम खालचं मानलं, त्यांच्या वाट्याला ही वेठ सगळ्यात जास्त आली.

२६ जानेवारी १९५० ला देशाची राज्यघटना लागू झाली. तिच्या २३ व्या कलमानं बेगार घ्यायला बंदी केली. कोणाकडून जबरदस्तीनं फुकट काम करून घेणं हा गुन्हा ठरला. वाड्यावरची वेठ हळूहळू गेली. पण एक प्रकारची वेठ कायद्याच्या नजरेत येत नाही. ‘घरचंच काम आहे’, ‘गावाचा मान आहे’, ‘बायांनी नाही करायचं तर कोणी करायचं’ असं म्हणून जे काम अंगावर येतं, ते गोड बोलून येतं. म्हणून ओळखायला अवघड जातं.

कुस्तीचा फड बघा. आपल्याकडं जत्रेत, हनुमान जयंतीला, गावोगावी फड लागतात. हलगी कडाडते, रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि शेवटच्या मोठ्या कुस्तीला गाव श्वास धरून बघतं. आपल्याच तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांनी मारुतीची देवळं उभी केली, बलाची उपासना सांगितली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या मारुतीच्या पारापुढच्या फडाजवळ बाईनं जायचं नाही, अशीच रीत होती. पैलवान मुक्कामाला आला तर त्याचं दूध-तूप, भाकरी-कालवण बाईनं बघायचं, पण त्याची कुस्ती तिनं फार तर माळवदावरून, दुरून बघायची. खायला घालणारी ती, आणि बघायला बंदी तिलाच.

१९५० च्या दशकात हमीदा बानू नावाची एक पहिलवान बाई पुरुषांशी कुस्त्या लढायची. पुण्यात ठरलेली तिची एक कुस्ती विरोध झाल्यामुळं रद्द करावी लागली. दार किती घट्ट लावलेलं होतं, ते यावरून समजतं.

बासष्ट वर्षांनी उघडलेलं दार

महाराष्ट्र केसरी ही आपल्या राज्यातली मानाची कुस्ती. तिची सुरुवात १९६१ साली औरंगाबादला झाली आणि पहिला किताब दिनकर दह्यारी यांनी जिंकला. तेव्हा आपला मुलूख औरंगाबाद जिल्ह्यातच होता. जालना जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. म्हणजे या मोठ्या उत्सवाचा पहिला मान आपल्याच जिल्ह्याला मिळाला होता, असं म्हणायला हरकत नाही.

पुढं डिसेंबर २०१८ मध्ये ती स्पर्धा जालन्यात झाली. बाला रफिक शेख यानं अभिजित कटकेला हरवून गदा खांद्यावर घेतली. अशा स्पर्धेत एकीकडं मातीचा आखाडा असतो आणि दुसरीकडं गादी. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. आखाड्याची माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळायची, हे सगळं आधी होतं. जिल्ह्याजिल्ह्यातून मल्ल येतात, वस्ताद येतात, पंच येतात. त्यांचं राहणं, आंघोळीचं पाणी, खुराक, गर्दीला वाट दाखवणं, हरवलेलं लेकरू आईबापाच्या हवाली करणं, हे शेकडो हात करतात. टीव्हीवर दिसतो तो शेवटचा डाव. त्याच्यामागं केवढं काम असतं, हे लग्नाचं घर चालवलेल्या बाईला लगेच उमजतं.

पण महिलांसाठी महाराष्ट्र केसरी भरायला मार्च २०२३ उजाडावा लागला. सांगलीला ती झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिनं पहिली गदा जिंकली. १९६१ ते २०२३, म्हणजे बासष्ट वर्षं. जगाच्या ऑलिंपिकमध्ये बायांची कुस्ती आली ती २००४ साली. आपल्या राज्याच्या किताबाला त्यानंतरही जवळजवळ एकोणीस वर्षं लागली. या सगळ्या वर्षांत बाया फडापासून लांब होत्या का? नव्हत्या. त्या चुलीपाशी होत्या, ताटापाशी होत्या, औक्षणाला उंबऱ्यावर होत्या. कामाला होत्या, मानाला नव्हत्या.

परदेशात काय करतात

मोठ्या खेळांना जगभर फुकट काम करणारी माणसं लागतातच. २०१२ साली लंडनला ऑलिंपिक झालं तेव्हा सत्तर हजार स्वयंसेवकांनी काम केलं. त्यासाठी दोन लाख चाळीस हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले होते. २०२४ ला पॅरिसमध्ये पंचेचाळीस हजार स्वयंसेवक होते. कोणालाही पगार नव्हता. लंडनमधल्या स्वयंसेवकांना आधी शिकवलं गेलं, एकसारखा पोशाख दिला गेला, कामाची पाळी ठरवून दिली गेली. पाळीच्या दिवशी जेवण आणि शहरातली ये-जा मोफत होती. प्रत्येकाची नोंद होती. त्यांना नावही दिलं होतं, ज्याचा अर्थ होतो ‘खेळ घडवणारे’.

आपल्या गावाला लंडनची बरोबरी करायची गरज नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पैसे न देताही माणसाला मानानं वागवता येतं. आधी विचारायचं, काम नीट वाटून द्यायचं, किती वेळ ते सांगायचं, त्याच्या जेवणाची सोय करायची आणि त्याचं नाव लिहून ठेवायचं. आपल्या इर्जिकीत तरी दुसरं काय होतं? ज्याच्या रानात औतं उतरली, तो सगळ्यांना पोटभर जेवू घालायचा आणि कोण कोण आलं होतं ते आयुष्यभर लक्षात ठेवायचा. ही आपलीच रीत आहे. फक्त ती औताला लागू झाली, चुलीला झाली नाही.

आता आपली वेळ

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे उत्सव आता वाढणार आहेत, आणि त्यात आपल्या लेकी असणार आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला एकट्यानं मिळवलेलं ऑलिंपिक पदक मिळालं. कोल्हापुरात त्याची मोठी मिरवणूक निघाली. तेव्हा त्याची आई गावची सरपंच होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारताच्या मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यातली, म्हणजे गोदावरीच्या पलीकडच्या काठाची. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्यात सांगलीची स्मृती मानधना होती. उद्या अशी मिरवणूक आपल्या गावातून निघणार नाही कशावरून? ज्या दिवशी ती निघेल त्या दिवशी आपल्याला पडद्यामागं राहून भाकरीच थापायच्या आहेत का, हे आज ठरवायला हवं.

आमचं म्हणणं असं मुळीच नाही, की बायांनी हे काम करू नये. औक्षणाचं ताट धरताना आपल्याही डोळ्यांत पाणी येतं. लेझीमचा ठेका आपल्याही पायांत असतो. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम सगळ्या जगानं बघितली, ती शेकडो साध्या माणसांनी मिळून खेळलेली होती. गावाचा आनंद हा आपलाही आनंद आहे. म्हणून तर तो वेठीनं नको, सावडीनं हवा.

त्यासाठी गटाच्या बैठकीत चार प्रश्न विचारायचे, असं आम्ही सुचवतो.

पहिला प्रश्न, आम्हाला विचारलं का? निरोप आदल्या रात्री आला, की आठ दिवस आधी बैठकीत बोलणं झालं? कापूस वेचणीच्या दिवसांत एका दिवसाची रोजी बुडते. ती कोणाची बुडते, हे आधी बघायला हवं. जिचं घर रोजीवरच चालतं तिला त्या दिवशी सूट द्यावी. तिनं नाही म्हटलं म्हणून कोणी तोंड फिरवू नये.

दुसरा, काम वाटलं का? वर्गणी गोळा करणं, मंडप, हार-तुरे हे पुरुषांकडं आणि स्वयंपाक, खरकटं, झाडलोट बायांकडं, असं दरवेळी का? पंगत वाढायला आणि पातेली घासायला तरुण मंडळाची पोरं लागतील तर काय बिघडेल? आणि बायांमध्येही ठराविक वस्तीच्याच बायांना खरकटं काढायला लावायचं, हे तर बंदच व्हायला हवं. ती जुनी वेठच आहे.

तिसरा, बसायला जागा आहे का? ज्या फडासाठी आपण राबलो, तो बघायला समोर बायांसाठी सतरंजी अंथरली आहे का? मुलींची एखादी तरी कुस्ती, कबड्डीचा किंवा खो-खोचा सामना कार्यक्रमात आहे का? पंगतीत आपला नंबर शेवटचाच का?

चौथा, फेड काय? इथं पैसा म्हणायचं नाही. मुलांच्या तालमीला गाव वर्गणी देतं, तशी मुलींच्या मैदानाला देईल का? दूर स्पर्धेला जाणाऱ्या पोरीच्या एसटीच्या तिकिटाला देईल का? तिच्याबरोबर पाणी घेऊन, घड्याळ बघत उभं राहायला एक मोठी बाई पाठवील का? हेलसिंकीला खाशाबांच्या बाजूला कोणी नव्हतं. आपल्या पोरीच्या बाजूला असायला हवं.

हे प्रश्न भांडून विचारायचे नाहीत, पण तोंडातल्या तोंडातही ठेवायचे नाहीत. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. २०११ पासून पंचायतीत अर्ध्या जागा बायांच्या आहेत. तिथं हा विषय मांडायचा आणि लिहून घ्यायला लावायचा.

आणि एक काम आजपासूनच आपल्या हातात आहे. बचत गटात आपण प्रत्येक बैठकीची नोंद ठेवतो. कोण आलं, किती भरले, कोणाला कर्ज दिलं, सगळं वहीत असतं. त्याच वहीत यापुढं अशीही एक नोंद करायची. अमुक तारखेला गावात अमुक खेळाचा सत्कार झाला. आपल्या गटाच्या इतक्या बाया इतके तास कामाला होत्या. इतकं पीठ मळलं, इतक्या भाकरी झाल्या, इतकी माणसं जेवली. त्याखाली सगळ्यांची नावं. वहीतलं हे पान पन्नास वर्षांनी कोणी उघडलं तर त्यात गाड्याही असतील आणि भाकरीही असतील.

तुमच्या गावात ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्या आहेत. कोणत्या जत्रेला किती पैलवान जेवायला होते, कोणाच्या वाड्यावर वेठीला जावं लागायचं, माळवदावरून कोणती कुस्ती बघितली, हे त्यांच्याजवळ आहे. या संक्रांतीला तीळगूळ द्यायला जाल तेव्हा वही-पेन बरोबर घ्या, त्यांच्याजवळ बसा आणि त्या सांगतील ते उतरून घ्या. लिहिलेलं आमच्याकडं आणा, आम्ही ते रेडिओवर वाचून दाखवू.